करडीचं तेल आणि अक्काची मोटार

तेलाच्या घरात वाढलेल्या माणसाला तेलाचा वास येत नाही. आमच्या दारात पाव्हणा आला की उंबऱ्यावरच नाक वर करून म्हणायचा, "आज ताजं काढलंय वाटतं," आणि आम्ही घरातली माणसं एकमेकांकडे बघायचो की याला कसं कळलं. नौबादेत आमचा करडीचा घाणा होता. मूळचे आम्ही कमठाण्याचे, शेतावरचे. आजोबांनी नौबादेत जागा घेऊन घाणा टाकला आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या घाण्याच्या कुरकुरीतच लहानाचे मोठे झाले. पुढं बैल जाऊन विजेची मोटार आली, पण कुरकुर तीच राहिली. ती थांबली की घरातल्या सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अमावस्येला घाणा बंद असे, तर माझी माय दिवसभर उगीच भांडी आपटत बसायची.

अप्पांचा करडीच्या तेलावर जो विश्वास होता तो देवावरही नसावा. कान दुखला, कोमट करून दोन थेंब. गुडघा धरला, चोळा. बाळंतिणीला, बाळाच्या टाळूला, दाराच्या बिजागरीला, गाडीच्या आखाला, पाटीवरच्या डागाला, सगळ्याला एकच औषध. बाजारात शेंगदाण्याचं तेल मिळायला लागलं तेव्हा अप्पा त्याला 'पुड्यातलं तेल' म्हणायचे, आणि तो शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला विकत घ्यायची लाज वाटावी. सकाळी ज्वारीची कडक भाकर मोडायची, ताटात तिखटाचा ढीग करायचा, त्यात बोटानं खळगा पाडायचा आणि वरून कच्चं तेल सोडायचं. संध्याकाळी अंबाडीची भाजी, तिच्यावर पुन्हा लसणाची फोडणी ओतलेलं तेल. आता डॉक्टर मला महिन्याला अमुकच तेल खा म्हणून सांगतात. मी मान डोलावते. घरी आल्यावर भाकरीवर काय सोडायचं ते माझं मी ठरवते.

हे सगळं सांगायचं कारण, लोक मला गाड्यांबद्दल विचारतात. शहराबाहेर माझी पत्र्याची मोठी शेड आहे, तिच्यात जुन्या मोटारी उभ्या आहेत. कुठली भंगारवाल्याच्या अंगणातून उचलून आणलेली, कुठली जागीरदारांच्या गोठ्यात कडब्याखाली सापडलेली. कॉलेजातली मुलं येतात, बॉनेटला टेकून फोटो काढतात आणि म्हणतात, "आजी, तुम्हाला हा नाद कसा काय?" बाईमाणसाला, हे ते तोंडानं म्हणत नाहीत. मी त्यांना काहीतरी सांगून वाटेला लावते. खरं उत्तर फार लांबडं आहे आणि त्याची सुरुवात माझ्या आत्यापासून होते.

तिला सगळे अक्का म्हणायचे. अप्पांची ती थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा अप्पांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनं, म्हणून तेही तिला अक्काच म्हणायचे आणि मीही. तिला जनवाड्याला दिली होती. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. हे मामा शेतकऱ्याच्या पोटी जन्मले, पण त्यांचा जीव चाकात. विहिरीकडचा शेताचा तुकडा विकून त्यांनी कुणा जागीरदाराची जुनी, लांब नाकाची इंग्रजी मोटार घेतली आणि बिदर ते गुलबर्गा भाड्यानं चालवायला लागले. गुलबर्ग्याला आता कलबुर्गी म्हणायचं, पण माझ्या तोंडात ते बसत नाही. अक्काच्या थोरल्या दिरांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं होतं. वर्ष दोन वर्षं बरी गेली. मग मामांना ताप धरला आणि तो उतरलाच नाही. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर दीर अक्काला म्हणाले, जिच्यापायी शेत गेलं ती तेवढी घेऊन जा, ती दारात दिसली की भाऊ डोळ्यापुढं येतो. मोटारीला पुढं बैलजोडी जुंपली, स्टिअरिंगवर एका गड्याला बसवलं आणि मागच्या सीटवर अक्काला तिच्या ट्रंकेसकट. अशी ती माहेरी आली. जनवाडा ते नौबाद, सगळ्या वाटेवरची माणसं बांधावर उभी राहून बघत होती म्हणे.

मी तेव्हा फार लहान होते, मला यातलं काही आठवत नाही. मला आठवते ती पडवीत उभी असलेली मोटार. घाण्याच्या मागं लांब पडवी होती, तिच्या एका टोकाला ती गोणपाटाखाली झाकलेली. आणि आठवतो दर दसरा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घाण्याची पूजा झाली की अक्का हातपाय धुऊन, धुवट लुगडं नेसून पडवीत जायची. गोणपाट काढायची, ओल्या फडक्यानं मोटार पुसायची, हळदकुंकू लावायची. मग बॉनेट उघडून मामांनी शिकवल्याप्रमाणे पान्यानं चार प्लग सोडवायची आणि त्या चार भोकांत वाटीनं थोडं थोडं तेल सोडायची. पुढून हँडल घालून दोन फेरे फिरवायची आणि प्लग पुन्हा घट्ट करायची. मामांनी शेवटच्या आजारात तिला सांगितलं होतं, गाडीला कोरडी ठेवू नको. ती शेवटपर्यंत कोरडी राहिली नाही. पुढं पुढं हँडल फिरेना, तरी अक्का तेल सोडतच राहिली. मी पाट मांडून समोर बसायची, कारण पूजा झाली की मला खोबरं मिळायचं. अप्पा पडवीच्या दारात उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

मी अकरावी-बारावी कशीबशी उरकली. पुढं शिकायला बिदरच्या कॉलेजात जायचं तर मायचा विरोध आणि अप्पांची नुसतीच खाकरणी. म्हणून मी घरीच होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माझा स्वभाव तेव्हाही गोड नव्हता. घरी चवड्यावर बसून भाकरी थापण्यापेक्षा घाण्याची मोटार बिघडली की ती उघडून बघण्यात मला जास्त रस होता, आणि अप्पा त्याला हसून का होईना मला पाना देत असत. अशा दिवसांत, पंचमीचे झोके अजून झाडाला होते, अप्पांनी जेवताना विषय काढला. हैदराबादेहून एक्स्पेलर येणार होता. घाण्यापेक्षा दसपट वेगानं तेल काढणारं यंत्र. दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायचं ठरलं होतं, आणि बसवायचं ते पडवीत, मोटार उभी होती तिथं. मोटार भंगारवाला घेऊन जाईल, असं ते ताटाकडे बघत म्हणाले.

माय पदर तोंडाला लावून बसली. अक्का वाढत होती. ती वाढतच राहिली, हाताची भाकर अप्पांच्या ताटात ठेवली आणि मग शांतपणे बोलली. "तुझं घर हाय, तुझी पडवी हाय. मी कोण नगं म्हणणार. पर ती वढत आणलीय, वढत न्हेऊ नगं. दसऱ्यापत्तोर स्वताच्या पायानं भाईर आली तर अंगणात लिंबाखाली हुबी राहू दे. न्हाई आली तर दे भंगारात. मी डोळ्यातून टिपूस काढणार न्हाई."

या घरात अक्काचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. लुगडी अप्पा आणायचे, खोली माझी आणि तिची मिळून होती, सणाला ताट तिला शेवटी लागायचं कारण ती स्वतःच शेवटी बसायची. भावाच्या घरात मान मिळाला तरी तो भावाचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं म्हणून जे होतं ते पडवीत गोणपाटाखाली होतं. ते गेलं असतं तर ती आमच्याकडे राहणारी विधवा बहीण एवढीच उरली असती. हे मला तेव्हा एवढ्या शब्दांत कळलं नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही हे खरं. मी अप्पांना म्हटलं, गाडी मी चालू करते. माय म्हणाली, घ्या, आता हेच राहिलं होतं. अप्पा काही बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे परवानगी असा आमच्या घरचा कायदा होता.

बिदरला लॉऱ्या दुरुस्त करणारे उस्मानचाचा आमच्या घाण्यातून तेल न्यायचे. त्यांना मी पडवीत आणलं. त्यांनी टोपी मागं सरकवली, गाडीभोवती एक चक्कर मारली, हँडल घालून जोर लावला, मग बूट लावून जोर लावला. हँडल तसूभर हललं नाही. "इंजन नै है ये, पत्थर है बेटी," ते म्हणाले. पण माणसाला लॉऱ्यांचा कंटाळा आलेला असावा, कारण दुसऱ्या दिवशी दुकान पोरांवर सोपवून ते पुन्हा आले, तेही पान्यांची पिशवी घेऊन.

मग आमचा उद्योग सुरू झाला. पेट्रोलच्या टाकीत बारीक खडे आणि रॉकेल घालून ती आम्ही दोघं दोन्हीकडून धरून पाळण्यासारखी हलवायचो, आतला गंज सुटावा म्हणून. सीटमधून काथ्या बाहेर आला होता आणि त्यात उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. वायरींचं कापड पिठासारखं झडत होतं. मला हे सगळं इतकं आवडायला लागलं की सकाळी भाकरी खाताना मन पडवीत असायचं. मधेच एकदा भालकीकडचे पाव्हणे मला बघायला आले. मी गाडीखाली होते. मायनं मला पायाला धरून बाहेर ओढलं, न्हाणीत नेऊन करडीचं तेल आणि बेसन लावून माझे हात कोपरापर्यंत घासले. ग्रीस निघालं, नखांत राहिलं ते राहिलं. मुलाच्या आईनं सुपारी घेताना माझी नखं बघितली आणि सुपारी तशीच ताटात ठेवली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अक्का मात्र त्या दिवशी माझ्यासाठी मुद्दाम सुसला करून पडवीत घेऊन आली. मुरमुरे भिजवून, भरपूर मिरच्या आणि शेंगदाणे घालून. ती गाडीच्या दाराखालच्या पायरीवर बसली आणि आमचं काम बघत राहिली.

इंजिन उघडल्याशिवाय इलाज नाही असं ठरलं, तो दिवस मला अजून दिसतो. भादव्यातली उघडीप होती आणि पडवीच्या दारातून ऊन आत आलं होतं. उस्मानचाचांनी इंजिनावरचं जड झाकण पहारीनं हळूहळू उचकटलं. आम्हाला वाटलं होतं आत गंज असेल. गंज कुठंच नव्हता. चारही सिलिंडरांत मधाच्या रंगाचं, काचेसारखं कडक काहीतरी साचलं होतं. पिस्टन त्यात बसले होते ते जणू ओतूनच बसवलेले. वाल्व, त्यांचे दांडे, सगळ्यांवर तोच थर. चाचांनी स्क्रूड्रायव्हरनं टोचलं तर टणक आवाज आला. "इसमें तेल कौनसा डाले जी तुमलोगां?" त्यांनी मला विचारलं.

मला एका क्षणात समजलं. आमच्या घाण्याच्या कडेला, तेलाच्या डब्यांच्या तोंडाशी असाच पिवळा थर जमायचा. करडीचं तेल पातळ पसरून हवेला लागलं की वाळतं आणि वाळलं की डिंक होतो. खाण्याच्या तेलात हा गुण कुणालाच नको असतो. इंजिनात तर त्यानं सगळं चिकटवून टाकलं होतं, एका दसऱ्यावर दुसरा दसरा. मी चाचांना खुणेनं गप्प केलं आणि झाकण परत ठेवायला लावणार, तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. मी पुढं झाले, पण ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. तिनं चहा खाली ठेवला, वाकून नखानं एक तुकडा खरवडला, नाकाला लावला. तेलाच्या घरातल्या माणसाला तेलाचा वास येत नाही असं मी म्हटलं खरं, पण तो तिला आला.

"हे आपलं तेल हाय," ती म्हणाली. आणि मग, फार हळू, "मीच मारली व्हय हिला?"

चाचांनी टोपी काढून हातात घेतली होती. अप्पा दारात उभे होते. ते कधी आले होते मला माहीत नाही. ते आत आले आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले, अक्काच्या समोर, मधे ते उघडं इंजिन.

"तू न्हाई, अक्का. मी," ते म्हणाले. "तेलाचा धंदा माझा हाय. हे तेल वाळतंय हे मला ठाव न्हवतं का? पयल्या दसऱ्याला तू वाटी घिऊन उठलीस. तू आल्यापासून अंथरूण सोडलं न्हवतंस, केस इंचरले न्हवतेस. आन त्या दिवशी आंघूळ करून वाटी घिऊन उठलीस. मी दारात हुतो. वाटी हातातून घ्यावी असं मनात आलं, पर न्हाई घेतली. म्हणलं, गाडी जाऊ दे. बहीण उठली तेवढं बास. मग दर साली सांगीन सांगीन म्हणलं."

अक्कानं नखातला तुकडा इंजिनाच्या कडेवर ठेवला. "उगडली तर तुला कळंल म्हणून भंगारात घालायलो हुतो," ते म्हणाले. "एक्स्पेलर काय, त्या कडंला बी बसला असता."

"मला सांगायचं हुतंस," एवढंच अक्का म्हणाली. ती आत निघून गेली. चहा तिथंच निवला.

त्यानंतर ती अप्पांशी बोलायची बंद झाली. भाकर वाढायची, तेल सोडायची, सगळं वेळच्या वेळी, पण बोलायचं असलं की माझ्यामार्फत. "शके, तुज्या बापाला इचार, आणिक भाजी वाढू का." अप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि मी तोच प्रश्न त्यांना पुन्हा विचारायची. मायला हसू आवरायचं नाही आणि रडूही. मी अप्पांवर रागावले होते, पण त्यांच्याकडे बघितलं की राग टिकत नसे. मोठा धिप्पाड माणूस, आणि ताटात खाली मान घालून बसलेला. मला आज वाटतं, अक्काचा रागही गाडीसाठी नव्हताच. इतकी वर्षं आपल्याला कुणीतरी जपत होतं आणि आपल्याला कळूही दिलं नाही, याचा तो होता. जपलं जाणंही कधीकधी टोचतं.

पण अक्का रागात हातावर हात धरून बसणारी नव्हती. इंजिन उघडलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी उठून बघते तर अंगणातल्या चुलीवर न्हाणीचा मोठा हंडा चढलेला आणि अक्का त्यात धुण्याचा सोडा आणि चाळलेली राख टाकत होती. आमच्याकडे तेलाचे डबे वर्षातून एकदा असेच उकळून निघायचे. बायकांचं काम, म्हणून ते ना अप्पांच्या डोक्यात आलं, ना माझ्या, ना चाचांच्या. "डब्याला निगतंय तर ह्याला कामून निगंना," असं ती म्हणाली आणि पदर खोचला. ते कढत पाणी आम्ही चारही सिलिंडरांत भरलं आणि वर गोणपाट टाकलं. निवलं की उपसायचं, पुन्हा भरायचं. कितीतरी वेळा. मग एका दुपारी चाचांनी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला आणि पहिला पिस्टन सुटला. सुटलेले सगळे लोखंडी भाग अक्कानं हंड्यात उकळले, काथ्यानं घासले, पुसून लगेच चाचांनी आणलेल्या इंजिनाच्या तेलात बुडवले. ते तेल ओतताना तिनं डब्यावरचं चित्र नीट बघून घेतलं. ती वाचू शकत नव्हती, पण पुन्हा चूक होणार नाही एवढी ओळख तिनं करून घेतली. हा सोड्याचा उपाय आजही मी वापरते, फक्त ॲल्युमिनियमच्या भागांना नाही. त्याची चाळणी होते.

जोडाजोडीत नवरात्र आलं. चाचांनी हैदराबादेच्या जुन्या बाजारातून टायर आणले, प्लग आणले. झाकणाखालचं पॅकिंग मी पुठ्ठ्यावर ठसा घेऊन ॲस्बेस्टॉसच्या जाड तावातून कापलं आणि ते बरोबर बसलं, तेव्हा मला बारावी पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. खंडेनवमीला अक्कानं गाडीला हळदकुंकू लावलं. वाटी मात्र आणली नाही. दसऱ्याच्या सकाळी एक्स्पेलरचा टेम्पो फाटकापाशी येऊन उभा राहिला, आतली माणसं यंत्र उतरवायची म्हणून खोळंबली. आम्ही सगळे पडवीत. चाचा आत बसले. हँडल मारायला मी पुढं झाले, तर अक्कानं माझा हात धरून बाजूला केलं आणि कितीतरी दिवसांनी अप्पांकडे बघितलं.

"हँडल तू मार," ती त्यांना म्हणाली.

अप्पांनी धोतराचा सोगा खोचला. पहिल्या फेऱ्याला काहीच नाही. दुसऱ्याला एक खोकला. चाचांनी आतून काहीतरी ओढलं, अप्पांनी सगळा जोर लावला आणि गाडी धडधडून उठली. पडवी धुरानं भरली. कुठल्या कोपऱ्यात राहिलेलं आमचं तेल जळत होतं, त्यामुळे त्या धुराला भजी तळल्याचा वास होता. टेम्पोवरची माणसं नाकं वर करून बघायला लागली. आणि गाडी निघाली. हळू, अंग झाडत, पडवीतून बाहेर, अंगणात, लिंबाखाली. अप्पा हँडल हातात घेऊन तसेच उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं, असं ते नंतर म्हणाले. अक्का त्यांच्याजवळ गेली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि म्हणाली, जा, तुझ्या यंत्राचा मुहूर्त टळेल.

मग तिनं मागचं दार उघडलं आणि बसली. चाचांनी आरशातून विचारलं, कुठं. अक्का म्हणाली, जनवाडा.

मी चाचांच्या शेजारी बसले. दोन्हीकडे करडीसाठी नांगरून ठेवलेली काळी रानं होती, मधे तूर उभी. बैलांच्या शिंगांना झेंडू बांधले होते, माणसं आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाली होती. आमच्याकडे या दिवशी भांडणातल्या माणसाच्या दारातही पान न्यायचं असतं, आणि धाकट्यानं आधी थोरल्याला द्यायचं असतं. जनवाड्याच्या घरी अक्कानं इतक्या वर्षांत पान नेलं नव्हतं. तिच्याजवळ आजही नव्हतं. बांधावरची माणसं थांबून बघत होती आणि अक्का ताठ बसून समोर बघत होती.

जनवाड्यात शिरताना ती म्हणाली, "गाडीचं पाणी तापलंय." अजून वाफबीफ काही दिसत नव्हती. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि तिनं बोट दाखवलं त्या घरासमोर गाडी उभी केली. थांबल्यावर मात्र रेडिएटरनं खरोखरच फुस्स केलं. दारातून म्हातारे दीर बाहेर आले. त्यांनी गाडी ओळखली, चौकट धरली आणि ओट्यावर बसूनच घेतलं. त्यांच्या मागून थोरली जाऊ आली. केस पांढरे झालेली, ठेंगणी बाई. अक्का गाडीतून उतरली, पण फाटकाच्या आत गेली नाही.

"पाणी पायजे," ती म्हणाली. "मला नगं, गाडीला."

जाऊ आत गेली आणि कळशी घेऊन आली. कळशी चाचांच्या हातात दिली, पण परत गेली नाही. तिच्या दुसऱ्या हातात आपट्याची पानं होती. अक्का धाकटी, तिनं आधी द्यायचं. जावेनं तेवढं बघितलं नाही. तिनं ती पानं अक्काच्या हातात ठेवली आणि वरून आपला हात दाबून धरला. "लई वाट बगितली, बाई," ती म्हणाली. "हे बी बगायले हुते. तोंड हुईना गेलं आमचं."

चाचा झाकणाला हात लावायला गेले आणि मी त्यांना अडवलं. तापलेलं रेडिएटर उघडलं तर अंगावर उडतं, थंड होऊ द्यावं लागतं. मी हे मोठ्यानं सांगितलं. जाऊ म्हणाली, मग बसा की तवर. अक्का ओट्याच्या अगदी कडेला बसली, उठायच्या तयारीत असल्यासारखी. दीर तिच्याकडे न बघता गाडीकडे बघत म्हणाले की भावानं ही गाडी आणली त्या दिवशी तो मला एकदा बसवायला आला होता, मी बसलो नाही. मग अक्का काहीतरी म्हणाली. मग जाऊ. चहा आला, मग शेंगांचे लाडू आले. त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू आलं नाही, मी गाडीपाशी उभी होते. एकदा अक्का हसली. तिचं हसणं मी आमच्या घरी इतक्या वर्षांत असं ऐकलं नव्हतं. उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली.

अक्कानं ओट्यावरून मला हाक मारली. "थंड झाली का गं, शके?"

मी रेडिएटरवर तळवा ठेवला. ते केव्हाच गार पडलं होतं. चाचा दुसरीकडे तोंड करून विडी पेटवत होते.

"अजून न्हाई, अक्का," मी म्हणाले.